मूळ रूप आणि चालते रूप : एका जीर्णोद्धाराची मीमांसा

पन्नास वर्षांपूर्वीचे मोटारवाहन वारशाने किंवा खरेदीने एखाद्याच्या ताब्यात येते, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न वरकरणी हौसेचा आणि खर्चाचा वाटतो. वाहन कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी जसे होते तसे करावे, की आजच्या रस्त्याला, आजच्या इंधनाला आणि आजच्या सवयींना मानवेल असे त्याला नवे करावे? पहिल्या कृतीला पुनःस्थापन म्हणता येईल, दुसरीला नवीकरण. मराठीत या दोहोंना पोटात घेणारा एक जुना शब्द आहे : जीर्णोद्धार. उद्धार जीर्ण वस्तूचा करावयाचा की वस्तूचा तिच्या जीर्णपणापासून, हे तो शब्द सांगत नाही. ही संदिग्धता शब्दाची उणीव मानण्याचे कारण नाही. ज्या समाजाने तो घडविला त्याला बहुधा हा भेद करण्याची गरज वाटली नसावी. आज ती वाटते, आणि का वाटते हाच विचाराचा विषय आहे.

उदाहरणादाखल एक जीप कल्पावी. अकोले तालुक्यातील एखाद्या गावी, जुन्या घराच्या पडवीला लागून, पत्र्याच्या छपराखाली ती उभी आहे. ही विशिष्ट जीप कल्पित आहे. तिचे चरित्र मात्र सह्याद्रीच्या कुशीतल्या कोणत्याही तालुक्याला ओळखीचे आहे. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघालेली आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेली कंपनी मुंबईत अमेरिकी विलीज जीपची जुळणी करू लागली, आणि पुढच्या काही दशकांत हे उघडे, काटक वाहन सरकारी खात्यांच्या ताफ्यांतून आणि लिलावांतून खेड्यापाड्यांत उतरले. कल्पिलेल्या जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे होते. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा ते उतरवून ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसविण्यात आले. मागे समोरासमोर दोन लाकडी बाकडी आली. ताडपत्रीचे छत फाटल्यावर पत्र्याचे झाले. मोडलेल्या कमानपाट्याची जागा भंगारातल्या दुसऱ्या गाडीच्या पाट्याने घेतली. काचेच्या वरच्या पट्टीवर गावातल्या रंगाऱ्याने ग्रामदेवतेचे नाव घातले. या गाडीने राजूरच्या बाजाराला माणसे नेली, कोतुळच्या रस्त्याने वऱ्हाडे नेली, अडलेल्या बाळंतिणी अपरात्री दवाखान्यात पोहोचविल्या. मग ती उभी राहिली.

आता तिचा धनी आहे नातू. नोकरीनिमित्त पुण्यात राहणारा. आजोबांची गाडी मूळ रूपात आणावी, अशी त्याची इच्छा आहे. ती इच्छा प्रेमातून आलेली आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मूळ रूप म्हणजे काय, असे विचारताच अडचण सुरू होते. डिझेल इंजिन जाईल, बाकडी जातील, पत्र्याचे छत जाईल, ग्रामदेवतेचे नाव खरवडले जाईल. जे उरेल ते आजोबांनी कधीच वापरलेले नव्हते. आजोबांनी ती गाडी घेतली तेव्हाच ती कुठल्या तरी खात्याच्या सेवेतून झिजून आलेली होती. नातवाला हवी आहे आजोबांची जीप, आणि तो करू पाहतो आहे विलीज कंपनीची जीप. एका आठवणीसाठी चाललेला हा खटाटोप त्याच आठवणीचे सारे पुरावे नष्ट करतो.

याहून पुढची गोष्ट अशी की, विलीजची जीप हे मूळदेखील एका जागी सापडत नाही. आराखडा अमेरिकेतला, ओहायो राज्यातील टोलेडो येथील कारखान्याचा, सुटे भाग जहाजातून आलेले, जुळणी मुंबईची, पुढे एकेक भाग इथेच घडू लागला. मुंबईत जुळविलेल्या जीपचे मूळ टोलेडोत शोधायचे की मुंबईत? अनुवादाच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. ज्या संहितेला आपण मूळ म्हणून हात जोडतो ती स्वतःच कशावरून तरी बेतलेली असते, आणि मूळपणाचा मान तिला पुढच्या काळातल्या रूपांतरांनी मिळवून दिलेला असतो.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर २०२१ मध्ये दिले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले दुचाकी वा चारचाकी वाहन, ते मूळ रूपात राखलेले असेल आणि त्याच्या सांगाड्यात, कायेत किंवा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसेल, तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदले जाते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि याच नियमांत पुढे म्हटले आहे की, असे वाहन रोजच्या वा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते चालविता येईल. या दोन कलमांना एकत्र वाचले पाहिजे. मूळपणाचे प्रमाणपत्र हवे असेल तर वाहनाने वाहनपण सोडावे, असा त्यांचा संयुक्त अर्थ होतो. जी जीप बाळंतीण घेऊन दवाखान्यात जाते ती मूळ नव्हे. जी मूळ ठरते तिने बाळंतीण न्यायची नाही. प्रशासकीय दृष्टीने हा नियम समंजस आहे, जुन्या गाड्यांना सरसकट मोडीत निघण्यापासून तो संरक्षणही देतो. पण त्याने एक तत्त्वज्ञान नकळत मान्य केले आहे : वस्तूचे सत्य तिच्या आरंभी असते, आणि वापर ही त्या सत्याची झीज असते.

जाता जाता कायद्याच्या घड्याळाकडेही पाहण्यासारखे आहे. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मुंबईच्या टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. त्या हिशेबाने २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. पुरातनत्व लाभायला मात्र पन्नास वर्षे हवीत. मधला काळ हा वस्तूचा अज्ञातवास असतो : ती जुनाट असते, पण पुरातन नसते. आदल्या पिढीच्या साहित्याची अवस्था नेहमी अशीच असते, आणि बहुतेक पुस्तके या मधल्या काळातच रद्दीत जातात.

वस्तूची ओळख तिच्या भागांत नसते, हे मात्र फार पूर्वी सांगून झालेले आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने त्याला विचारले की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय; प्रत्येक प्रश्नाला राजाने नकार दिला, आणि या साऱ्यांच्या बाहेर रथ कुठे दाखविता येईना. ‘रथ’ ही भागांच्या आधाराने चालणारी संज्ञा आहे, व्यवहार आहे, या निष्कर्षाशी संवाद येऊन ठेपतो. ग्रीकांमध्ये थीसियसच्या जहाजाची कथा याच चालीची आहे. प्लुटार्कने ती नोंदविली आहे, आणि एकेक फळी बदलत गेलेले ते जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असेही सांगितले आहे. पण या दोन कथांतला भेद महत्त्वाचा आहे. जहाजाची कथा विचारते, वस्तू तीच राहिली काय. नागसेनाचे उत्तर मान्य केले तर वेगळाच प्रश्न पुढे येतो : नाव जर व्यवहाराने ठरते, तर ते कोणाच्या व्यवहाराने? कारखान्याच्या, संग्राहकाच्या, आरटीओच्या, की ज्यांनी त्या बाकड्यांवर बसून घाट चढला त्यांच्या?

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे सर्वांत जवळचे रूप प्रवरेच्याच काठी सापडते. अकोल्याहून ही नदी संगमनेरवरून खाली नेवाशाकडे जाते. नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. मधल्या काळात हातोहात नकला होताना ओव्या घुसडल्या गेल्या होत्या, शब्द बदलले होते. यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असा कडक इशाराही नाथांनी दिला. ही कृती कोणत्या जातीची? हेतू पुनःस्थापनेचा होता, यात संशय नाही. तरीही १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपण एकनाथपूर्व मानीत असलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा तिच्या भाषेचे अधिक आर्ष रूप पाहून एक वेगळीच शंका बळावली : शुद्धीच्या ओघात नाथांच्या काळची भाषाही पाठात उतरली असावी. मूळ शोधणाऱ्या हातानेच ग्रंथ आपल्या काळाचा केला असावा, आणि तेही त्या हाताला न जाणवता.

या वादाचा निकाल काहीही लागो, वारकऱ्यांच्या फडांत साडेतीनशे-चारशे वर्षे जी ज्ञानेश्वरी वाचली गेली, पाठ झाली, जिच्यावर प्रवचने झाली, ती नाथांच्या हातून गेलेली ज्ञानेश्वरी होती. तिला अशुद्ध म्हणणे पाठचिकित्सेच्या दृष्टीने कदाचित शक्य असेल; पण ज्या जीवनव्यवहारात तो ग्रंथ ग्रंथ झाला त्या व्यवहारातून पाहिले तर ती चालती ज्ञानेश्वरी होती. राजवाडे यांच्या प्रतीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र ते मोल वेगळ्या प्रकारचे आहे. दोन्ही हव्यात, आणि दोन्ही एकाच पोथीत असू शकत नाहीत. जीपच्या बाबतीत नेमकी हीच कोंडी आहे, कारण जीप एकच आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा वि. स. सुकथनकर यांनी या कोंडीतून काढलेली वाट आजही उद्बोधक आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी व्यासांचे मूळ महाभारत परत मिळविल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साक्षीने जेवढे मागे जाता येते तेवढ्या जुन्या रूपापर्यंत जाणे, एवढेच उद्दिष्ट ठेवले. सिद्ध झालेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नव्हती. पाच भंगार गाड्यांतून जमविलेल्या भागांची एक ‘अस्सल’ गाडी जशी कोणत्याही एका दिवशी कारखान्यातून बाहेर पडलेली नसते, तशीच ही संहिता. फरक प्रामाणिकपणाचा आहे. सुकथनकरांनी जे बाजूला काढले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राखले. वाचकाला हवे तर तो संपादकाचा निर्णय उलटवून दुसरी संहिता उभी करू शकतो. गॅरेजमध्ये तळटीप नसते. खरवडलेला रंग परत लावता येत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा वाद इमारतींवरून पेटला. रस्किनने १८४९ मध्ये पुनःस्थापनेला विनाशाचे सर्वांत वाईट रूप ठरविले. फ्रान्समध्ये व्हियोले-ल्-द्यूकने उलट असे मांडले की पुनःस्थापना म्हणजे इमारतीला अशा पूर्णावस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसेल. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधली भूमिका घेतली : जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनःस्थापकाने थांबावे, आणि निरनिराळ्या काळांनी घातलेल्या वैध भरीचा मान राखावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये केलेली ट्यूरिन सनद याच विचारावर बेतलेली आहे. कागदावर तरी संग्राहकांचे जग वापराच्या खुणांना इतिहास मानू लागले आहे. पण सनद ज्याला वैध भर म्हणेल ती अकोल्याच्या रंगाऱ्याच्या अक्षरांपर्यंत पोहोचेल काय, हा प्रश्न उरतो. युरोपातल्या राजघराण्याच्या गाडीवरचा ओरखडा इतिहास ठरतो. वडाप करणाऱ्या जीपची बाकडी मात्र विद्रूपीकरण ठरतात.

अकोल्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळापुढे ही भाषा थोडी अवघडते. प्रवरेच्या गाळात हे देऊळ गाडले गेले होते आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा सापडले, असे सांगितले जाते. खालची काया जुन्या कोरीव दगडाची. वरचा भाग मागाहूनच्या दुरुस्तीचा, वेगळ्या साहित्याचा आणि वेगळ्या हाताचा. ज्यांनी तो वरचा भाग बांधला त्यांनी जुन्या कारागिरांची नक्कल साधण्याचा हट्ट धरलेला दिसत नाही आणि जुने पाडून नवेही केले नाही. देव उघड्यावर राहू नये, पूजा चालावी, एवढे त्यांना पुरेसे होते. सांधा लपविलेला नाही. शैलीच्या मापाने हे देऊळ विसंगत म्हणता येईल. पण ते काय आहे याविषयी ते कोणाची फसवणूक करीत नाही.

वापर ही झीज असते की टिकण्याची रीत, याचे आणखी एक उत्तर याच तालुक्यात कोंभाळणे या गावी मिळते. राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी वाणांची बियाणे बँक उभी केली; २०२० च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव होते. जुना वाल, जुना भात टिकवायचा तर तो डब्यात बंद करून भागत नाही, पुन्हा पुन्हा पेरावा लागतो. शीतगृहांत बी दीर्घकाळ राखता येते हे खरे; पण शेतात पेरलेले बी हवामानाशी, मातीशी आणि निवडणाऱ्या हाताशी बोलत राहते, किंचित बदलत राहते, आणि तरी त्याला तेच वाण म्हणतात. यंत्र म्हणजे बी नव्हे. ते स्वतःला पुन्हा जन्म देत नाही, आणि ही उपमा फार ताणता येणार नाही. तरीही उभ्या राहिलेल्या इंजिनाचे काय होते ते कोणताही मेस्त्री सांगेल : रबरी सील सुकतात, इंधन घट्ट होऊन नळ्या तुंबतात, सिलिंडर गंजतो. यंत्रही चालण्यानेच टिकते. त्याबरोबर टिकते ते मेस्त्रीच्या कानातले ज्ञान, जे कोणत्याही पुस्तिकेत पुरते उतरत नाही : आवाज ऐकून कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा, कुठल्या धडधडीला घाबरायचे आणि कुठलीकडे दुर्लक्ष करायचे.

मग नवीकरणाच्या बाजूने निवाडा द्यावा काय? घाई करू नये. आज नवीकरण म्हणजे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, वातानुकूलन, आणि जमल्यास इंजिन काढून बॅटरी व विजेची मोटर. १९७० च्या दशकातला डिझेलचा बदल आणि हा बदल वरवर एकाच जातीचे वाटतात. दोन्ही इंधनाच्या खर्चातून सुचलेले. तथापि पहिल्या बदलाने गाडी ज्या कामात होती त्या कामात राहिली आणि गावातल्या मेस्त्रीच्या आवाक्यातही राहिली. दुसऱ्याने बहुधा फक्त आकार उरतो : बाहेरून जुनी, आतून कोणतीही. हा आकृतिवाद आहे. जुन्या वृत्तात नवी जाहिरात लिहावी तसा. आणि नादुरुस्ती झाली तर अकोल्याच्या नव्हे, शहरातल्या संगणकाच्या दारी जावे लागते.

ब्रेकचा मुद्दा मात्र यातून वेगळा काढलाच पाहिजे, कारण तिथे प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. घाटाच्या उतारावर जुने ड्रम ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने कोणाच्याही मूळपणाच्या निष्ठेला संमती दिलेली नसते. आपल्या संहितेत अप्रचलित शब्द ठेवण्याचा हक्क संपादकाला असतो. दुर्बोधतेची किंमत वाचक मोजतो, आणि तो पुस्तक मिटवू शकतो. रस्त्यावरच्या माणसाला तशी सोय नसते. गाडी चालवायचीच असेल तर ब्रेक आजचे हवेत. ज्याला हे मान्य नसेल त्याने ती उभी ठेवावी, आणि मग मूळ रूपाविषयी खुशाल बोलावे. मूळपणाचा आग्रह आणि वापराचा त्याग यांची जी सांगड कायद्याने घातली तिला या एका ठिकाणी नैतिक आधार आहे, हे मान्य करावे लागते.

नातवाच्या निर्णयाकडे यानंतर पाहिले तर पर्याय दोनच नाहीत हे दिसते. डिझेल इंजिन ठेवून, बाकडी ठेवून, ग्रामदेवतेचे नाव जसे उडाले आहे तसेच ठेवून, ब्रेक आणि तारा तेवढ्या नव्या करून ती जीप राजूरच्या रस्त्याला लावता येते. तिला ‘व्हीए’ क्रमांक मिळणार नाही. प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही. गाडी कोणत्या सालची, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येणार नाही. तिची बाजारातली किंमतही पुनःस्थापित जीपच्या बरीच खाली राहील, आणि ज्या कुटुंबाला ती विकून एखादे कर्ज फेडायचे आहे त्याला या विवेचनाचा उपयोग नाही; त्यांनी ती विलीजची करून विकली तर त्यांना बोल लावता येत नाही. पण ज्याला ती विकायची नाही, ज्याला आजोबांचीच गाडी हवी आहे, त्याने मूळ रूपाच्या नावाखाली आजोबांना गाडीतून उतरविण्यापूर्वी थांबायला हवे.

आणि उतरविलेच, तर निदान उतरविलेले जपायला हवे. राजवाडे यांनी ज्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली ती पुढच्या अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. छापील प्रत उरली, तिच्यावरचा वाद उरला, आणि वाद मिटविण्याचे साधन गेले. गॅरेजमध्ये हे रोज घडते. डिझेल इंजिन आणि दोन बाकडी सकाळी खाली उतरतात; छायाचित्र कोणी काढलेले नसते, कोणता भाग कोणत्या साली कोणी बसविला हे ज्याला ठाऊक होते त्या म्हाताऱ्या मेस्त्रीला कोणी विचारलेले नसते, आणि दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो वजनकाटा घेऊन दारात उभा असतो.